दोन्ही टोकं उत्तर

बटण दाबून दाबून बबनरावांचं बोट दुखायला लागलं, पण घंटा काही वाजेना. आतला हातोडा जरासा थरथरायचा आणि तिथंच अडायचा.

“चाळीस घंटा परत आल्यात शाळांकडून. हे गुंडाळणं कुणाचं?”

“माझं, मालक.” झुलेखा उठून उभी राहिली.

“उद्यापासून येऊ नकोस.”

चिंचवडच्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये सहा बायका विजेच्या घंटांसाठी रिळांवर तांब्याची तार गुंडाळायच्या. इंद्रायणी त्यांतली सर्वांत जुनी. लग्न होऊन खेडहून आली; नवरा देहूरोडच्या डेपोत हमाल. सत्तावन्न साली तिला त्या स्टुलावर सात वर्षं पुरी झाली होती. दोन महिन्यांपूर्वी इथला तपासनीस पिंपरीच्या मोठ्या कारखान्यात गेला, तेव्हा आपलं विजेचं जुनं पुस्तक तिला देऊन गेला. जेवणाच्या सुट्टीत ओळीवर बोट ठेवून तिनं ते दोनदा वाचून काढलं होतं.

ती हातातलं रीळ ठेवून उठली.

“मालक, झुलेखाचं गुंडाळणं बराबर हाय. जोड चुकलाय.”

तपासनीस गेल्यापासून जोड मालक स्वतःच लावत होते.

तिनं तपासनिसाच्या रिकाम्या टेबलावरचं होकायंत्र आणलं आणि वीज सोडून ते घंटेतल्या दोन रिळांपैकी पहिल्याच्या टोकाशी धरलं. सुईचं बिनरंगी, म्हणजे दक्षिणेचं टोक तिकडं वळलं. मग दुसऱ्या रिळाशी धरलं. पुन्हा तेच टोक.

“दोन्हीकडं उत्तरच झालंय बघा. एकीकडं उत्तर नि एकीकडं दक्षिण पायजे, तवा दोघं मिळून हातोडा वढत्यात. हितं ती एकमेकाचा जोर मोडत्यात.”

वीज बंद करून तिनं एका रिळाची टोकं अदलाबदल केली आणि बटण दाबलं. घंटा अशी खणखणली की झुलेखानं कानांवर हात ठेवले.

“चुकलं माझं,” बबनराव म्हणाले. “झुलेखा, बस तू.”

इंद्रायणी मात्र बसली नाही. “मालक, तपासणीचं टेबल मला द्या.”

बबनरावांना खरंच वाईट वाटलं. “बाई, तुमच्यासारखा हात दुसऱ्या कुणाचा आहे? एक वेढा कमी नाही की जास्त नाही. तुम्ही उठलात तर त्या स्टुलावर बसवू कुणाला? शिवाय तपासणीच्या कागदावर सर्टिफिकेटवाल्याची सही लागते.”

सोडून जावं, तर जायचं कुठं? मोठ्या कारखान्याच्या फाटकापर्यंत ती एकदा जाऊन आली होती. तिथंही आधी सर्टिफिकेटच विचारलं होतं.

पुढच्या सोमवारी पुण्याहून नवा तपासनीस ज्योतीराम आला. बावीस वर्षांचा, परीक्षा पास झालेला, स्वभावानं गरीब.

“बाई, याला जरा दाखवा सगळं,” मालक म्हणाले.

तीन दिवस तिनं त्याला सगळं दाखवलं. आवाजावरून जोड सैल आहे की हातोड्याची पट्टी वाकलीय, हे कसं ओळखायचं तेसुद्धा. तो वहीत उतरवून घ्यायचा.

“ताई, तुम्ही हे शिकलात कुठं?”

“हितंच. बसल्या जागी.”

चौथ्या दिवशी ती परत स्टुलावर बसली. ज्योतीरामनं पहिली घंटा वाजवली आणि तिच्याकडं पाहिलं. हात न थांबवता तिनं मान डोलावली.

मग त्यानं कागदावर सही केली.