कॉम्प्युटरचं कव्हर

आमच्या घरात कव्हराशिवाय वस्तू सापडायची नाही. मिक्सरला कव्हर, रिमोटला कव्हर, फ्रिजच्या दांडीलासुद्धा कव्हर. आईचा हात शिवणाचा, आणि धुळीशी तिचं जन्माचं वैर. "आता आम्हालाच तेवढी शिवायची राहिलीत," म्हणून मी दरवेळी तिची थट्टा करायचो.

त्या रविवारी सकाळीच बेबीचा फोन आला. बेबी म्हणजे आईजवळ राहणारी माझी धाकटी बहीण, चाळिशीला आली तरी बेबीच.

"दादा, कॉम्प्युटर सुरू होता होताच बंद पडतोय रे. पंखा बोंबलतो आणि खेळ खलास. माझी सगळी चित्रं त्यातच आहेत, उद्या सकाळी दाखवायचीत."

आईच्या गुडघ्यांपायी तिनं नोकरी सोडली होती. घरी बसून, माउसनं एकेक रेघ ओढत, तिनं मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढली होती. लिफ्टची वाट बघणारी एक गोगलगाय मला दाखवली होती, तेव्हा मी हसलो होतो. आता एका प्रकाशनानं तिला बोलावलं होतं. इतक्या वर्षांनी कुणीतरी तिला बोलावलं होतं.

आणि मी आमच्या घराण्यातला कॉम्प्युटरवाला. खरं तर गेली कित्येक वर्षं मी फक्त मीटिंगा घेतो आणि दुसऱ्यांना काम का झालं नाही ते विचारतो. पण हे घरी कोण सांगणार? "आमच्या दादाला विचारा," असं आई चार लोकांत म्हणते, ते कानाला गोड लागतं. पेनड्राइव्ह खिशात टाकून मी ऐटीत पोचलो.

"सकाळी पहिल्यांदा बराच वेळ टिकला," बेबी सांगायला लागली. "नंतर मात्र लगेच लगेच..."

"तू जरा गप्प बस बघू. सिस्टिम गंडलीय, दुसरं काय."

"आधी चित्रं काढून घ्यायची का कुठेतरी?"

"सुरूच होत नाही, तर काढणार कशातून?"

ती चहा ठेवायला गेली. मी बटण दाबत राहिलो, तो बंद पडत राहिला, माझं डोकं तापत गेलं. शेवटी नवी सिस्टिम भरायला पेनड्राइव्ह लावला. पडद्यावर प्रश्न आला: डिस्कवरचं सगळं पुसलं जाईल, पुढे जायचं का? डिस्क काढून दुसऱ्या मशीनला जोडता येते, हे मला ठाऊक होतं. पण त्यासाठी ऑफिसातल्या कुणाला तरी फोन करावा लागला असता, मला जमत नाही म्हणून. मी 'हो' दाबलं.

पुसून झालं, आणि नवं भरता भरता तो पुन्हा बंद पडला.

चिडून मी टेबलाखाली वाकलो आणि कॉम्प्युटरच्या खोक्याला मागून हात लावला. तव्याला लागावा तसा चटका बसला. खोक्याला कव्हर होतं. माझ्याच जुन्या चौकड्यांच्या शर्टाचं, आईनं नुकतंच शिवलेलं, तीन बाजूंनी गच्च बसवलेलं, हवेला कुठे फट नाही. गेल्या खेपेला मीच बजावलं होतं, "आत धूळ जाते, झाकून ठेवत जा." सुरू असताना नाही, एवढं सांगायचं राहिलं होतं.

कव्हर ओढून काढलं. खोका निवला, आणि निमूट सुरू झाला. आत काहीच नव्हतं. परत मिळवायला कितीतरी दिवस गेले असते, आणि तिला उद्या हवं होतं.

बेबी चहा घेऊन दारात उभी होती.

"डिस्क गेलेलीच होती गं," मी म्हणालो. "कव्हरामुळे तापून जळली. माझ्या हातात काही नव्हतं."

तिनं चहाचा कप माझ्या हातात दिला. आई खुर्चीचा आधार घेत आली, कव्हर उचललं, उलटसुलट करून पाहिलं.

"म्हणजे माझ्यामुळे झालं का रे?" तिनं विचारलं. मी चहात तोंड घातलं. ती पलंगावर बसली, कात्री घेतली आणि शिवण उसवायला लागली. "पोरीचं सगळं घालवलं मी," असं स्वतःशीच म्हणत होती.

"आई, राहू दे," बेबी म्हणाली. पण बघत होती ती माझ्याकडे.

कात्रीचा आवाज मला ऐकवेना. लाजेनं कान तापले होते. "आई, थांब," मी म्हणालो. "झाकायला मीच सांगितलं होतं. आणि डिस्क चांगली होती. मी पुसली."

आईची कात्री थांबली. बेबीनं माझ्या हातातला रिकामा कप घेतला.

"माहितीये," ती म्हणाली. "सगळं पुसायचं का म्हणून कॉम्प्युटरनं विचारलं, तेव्हा मी दारातच होते. वाटलं ओरडावं. मग म्हटलं, दादा आहे, त्याला कळत असेल."