कुडव्यातला हवेशीर फ्लॅट

गुंजनला बिरसीच्या विमानतळावर तिकिटाच्या काउंटरवर नोकरी लागली आणि ती कुडव्यात भाड्याचं घर शोधू लागली. एका मालकानं गच्चीवरच्या टिनाच्या खोलीला पेंटहाऊस म्हटलं. दुसऱ्याला "फॅमिली"च हवी होती. तिसरा इंद्रकुमार. त्याच्याकडे जाताना तिनं वडिलांना सोबत घेतलं.

तिचा बाप टिकाराम चोरखमारा गावाकडचा धानाचा शेतकरी. त्याच्या घराण्यानं पिढ्यान्‌पिढ्या गावोगावी बोड्या, म्हणजे पाणी साठवायची छोटी तळी, बांधली होती.

इंद्रकुमार खुर्चीत बसूनच बोलला. टिकारामला बस म्हटलं नाही. आडनाव मात्र दोनदा विचारलं.

"मच्छी-मटन नहीं चलेगा. कपडे समोर वाळवायचे नाहीत. और मेहमान बिलकुल नहीं. गाववाले एक कमरा लेते हैं और पूरा गाव लेके आते हैं."

गुंजनचे कान तापले. हा माणूस तळमजल्यावरच्या दोन अंधाऱ्या खोल्यांना "हवेशीर फ्लॅट" म्हणत होता. आत ताज्या रंगाचा वास कोंडला होता.

टिकारामनं खोलीत चक्कर मारली, भिंतीला तळहात लावला, मग मागच्या दारातून बाहेर जाऊन बराच वेळ उतार पाहिला आणि तो आत परतला.

"इथं कोणती बोडी होती जी?"

"बोडी? ये प्लॉट का लेआउट है!"

"तिची पाळ, मातीचा बांध, तं समोर दिसून राहिली. तुमचा रस्ता तिच्यावरूनच गेला. तुम्ही घर बोडीच्या पोटात बांधलं."

"आप इंजीनियर हो क्या?"

"नाही जी. पण पाणी कुठं थांबते, येवढं कळते मले."

"अरे, पिछले महीने पेंट मारा है!"

"काऊन मारलं, तेच तं पायतो."

टिकारामनं भिंत गुडघ्याएवढ्या उंचीवर नखानं खरवडली. हाताएवढा पोपडा सुटून खाली पडला. आतलं प्लास्टर भिजल्या पिठासारखं होतं.

इंद्रकुमार खुर्चीतून उठला. एवढ्या वेळात पहिल्यांदा.

"दीवार खराब कर दी! तुमच्यासारख्यांना मी घर देतच नाही!"

"मागतं कोण?" गुंजन म्हणाली. "यात बेडकं ठेवा. त्यांचे पाहुणे पण चालतील."

टिकारामनं तिला गप्प केलं नाही. तो शांतपणे चपला घालत होता.

पाळीपलीकडे, उंचावर, गीताबाईचं घर निघालं. वर दोन साध्या खोल्या भाड्यानं द्यायच्या होत्या. गीताबाईनं आधी दोघांना पाणी दिलं आणि मगच कुलूप काढलं.

"भाऊ, आधीच सांगतो," ती म्हणाली, "न्हाणीचं दार नीट लागत नाही. आन्‌ उन्हाळ्यात वर लय तपते."

"आणखी काही?" गुंजननं विचारलं.

"आणखी माझी सून भांडते. पण माझ्याशीच."

टिकाराम मोठ्यानं हसला. आतापर्यंतच्या घरमालकांत घराबद्दल खरं बोलली ती ही एकटीच. पुढच्या रविवारी गुंजन राहायला आली.