पानागणिक फी

दोघे सख्खे भाऊ, दोघेही वकील, एकाच खोलीत पाठीला पाठ लावून बसणारे. गरीब आरोपींचे खटले सरकारी खर्चाने लढवायचे, आणि सरकार फी द्यायचं ती पुराव्याच्या पानांवर. कागदांचे गठ्ठे यायचे तोवर दादाचा रुबाब होता. मग पोलीस आरोपींचे फोन उपसायला लागले. एकेका फोनमधून हजारो पानं निघायची, आणि 'ही सगळी वाचावी लागली' अशी वकिलाने सही केली की तीही फीत धरली जायची. असे खटले नेमके धाकट्याच्या वाट्याला. दादाच्या नशिबी चाकू आणि चार साक्षीदार.

धाकट्याने गाडी घेतली तेव्हा दादा तोंड भरून 'छान' म्हणाला आणि घरी येऊन ताटावर बसला तर घास उतरेना.

"भाऊजी मान मोडून वाचतात हो," बायको म्हणाली.

"वाचतो कसला! बोटाने पडदा सरकवायचे पैसे मिळतात त्याला."

शेवटी गोदामातल्या चोरीचा खटला आला. हमाल धाकट्याकडे, टेम्पोवाला दादाकडे, आणि दोघांच्याही हातात दोन्ही आरोपींच्या फोनमधली पानं भरलेला तोच पेनड्राइव्ह. दादाला आभाळ ठेंगणं झालं.

"माझ्या अशिलाच्या कामात नाक खुपसायचं नाही," त्याने आधीच बजावलं.

टेम्पोवाला तुरुंगात भेटला की कळवळून सांगायचा, "साहेब, त्या वेळी माझी गाडी वाटेत पंक्चर होऊन पडली होती. फोनमध्ये आहे सगळं."

"बघतो," दादा म्हणायचा. बघायला बसलाही एकदा. फुलं, शुभ सकाळ, कुणाकुणाची पोरं, पुन्हा फुलं. त्याने कंटाळून पडदा मिटला.

सुनावणी ऐन रंगात असताना धाकट्याने खुर्ची वळवून विचारलं, "दादा, सगळं वाचलंस ना रे?"

हा आता माझी परीक्षा घेणार! "अक्षर न् अक्षर," दादा फणकारला.

हमाल सुटला. टेम्पोवाल्याला शिक्षा झाली. दादाने 'सगळी पानं वाचावी लागली' अशी सही ठोकली आणि फी मंजूर झाली, धाकट्याइतकीच.

"काय, जमलं की नाही थोरल्याला?" त्याने मागे वळून विचारलं.

धाकटा हसला नाही. "दादा, रागावू नकोस. तो पंक्चरचा फोटो तू कोर्टात का नाही दाखवलास?"

"कसला फोटो?"

"टेम्पोवाल्याने मालकाला पाठवलेला. ऐन चोरीच्या वेळेचा, मागे गोदामापासून कितीतरी लांबचा टोलनाका दिसतोय. मला वाटलं, तू सगळं वाचलंयस, म्हणजे तुझा काहीतरी डाव असणार. म्हणून मी गप्प बसलो."

दादाच्या मनात आधी आलं ते एवढंच: फोटो ह्याला सापडला, मला नाही! टेम्पोवाला आठवला तो त्यानंतर, आणि मग मात्र त्याला स्वतःचीच किळस आली.

फीच्या मंजुरीचा कागद त्याने टेबलावर उपडा ठेवला.

"अपील तू कर," तो म्हणाला. "आणि त्यात लिही, आधीच्या वकिलाने पानं वाचलीच नव्हती."

"दादा, सनद जाईल तुझी."

"तुला लिहिता येत नसेल तर सरक. मी लिहितो."