पुंजारामचा प्रसंग

शकुबाई पगारे नाशिकरोडच्या एका शाळेत दुपारच्या वर्गांना मराठी शिकवायच्या आणि संध्याकाळी कॉलनीतल्या विहारात नाटकं बसवायच्या. १९८४ च्या फेब्रुवारीत गंगापूर रोडला आंतरराष्ट्रीय नाट्यमहोत्सव भरला, तेव्हा पोलंडहून आलेल्या इरेना नावाच्या दिग्दर्शिकेच्या शिबिरात त्यांना घेतलं गेलं. इरेनाला मराठी येत नव्हतं आणि निम्म्या शिबिरार्थींना इंग्रजी. शकुबाईंना वाटलं, आपण नुसतं हिचं बोलणं मराठीत सांगायचं. पण पहिल्याच सकाळी इरेनाने सगळ्यांसमोर त्यांचा हात धरला आणि म्हणाली, "ही दुभाषी नाही. आम्ही दोघी शिकवणार आहोत."



शिबिराची रीत साधी होती. दोघादोघांनी समोरासमोर जमिनीवर बसायचं. एकाने स्वतः पाहिलेला खरा प्रसंग आठवायचा, दुसऱ्याने प्रश्न विचारत तो बाहेर काढायचा. कुठे, कोण, काय दिसतंय, काय ऐकू येतंय, काहीही विचारावं. फक्त 'का' विचारायचं नाही. 'का' म्हटलं की माणूस सारवासारव करायला लागतो, असं इरेनाचं म्हणणं.

शिबिरात पुंजारामही होता. शकुबाईंच्याच कॉलनीतला, अंबडच्या एका कारखान्यात पत्रा कापायचा पॉवर प्रेस चालवणारा. विहारातल्या नाटकांत विनोदी काम म्हटलं की पुंजाराम, हे ठरलेलं. त्याला शकुबाईंनीच आग्रह करून आणलं होतं. दुसऱ्या पाळीचं काम असल्यामुळे त्याला सकाळी येता यायचं. सुरुवातीला त्याने इथेही सगळ्यांना हसवलं. मग एके दिवशी त्याचा जोडीदार आला नाही, म्हणून शकुबाई स्वतः त्याच्यासमोर बसल्या.

"कुठे आहेस?"

"खात्यात. प्रेसवर," तो हसत म्हणाला.

"शेजारी कोण आहे?"

"सहादू."

"काय ऐकू येतंय?"

पुंजाराम उत्तर द्यायला गेला आणि थांबला. चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, पण डोळे भलतीकडे गेले. प्रेसचा आवाज, तो म्हणाला. मग आवाज थांबला, आणि सहादू ओरडलाच नाही, नुसता हाताकडं बघत राहिला.

शकुबाई विचारत गेल्या आणि तो सांगत गेला. हात आत जाऊ नये म्हणून प्रेसला असतो तो गार्ड पाळीच्या सुरुवातीलाच काढून ठेवलेला. गार्ड लावला की माल कमी निघतो, असं सुपरवायझर म्हणायचा. सहादूने अडकलेला तुकडा काढायला हात घातला आणि प्रेस खाली आला.

"कोणता हात?"

"उजवा. बोटं गेली. अंगठा राहिला."

"मग काय दिसतंय?"

"मग पाणी मारलं. मशीन पुसलं. सुपरवायझर मला म्हणला, बस तिथं, शिफ्ट बाकी हाय. मी बसलो बाई. त्याच मशीनवर."

पुढे कारखान्याने सांगितलं, सहादू दारू पिऊन कामावर आला होता. सहादूने आयुष्यात दारूला हात लावला नव्हता. हे पुंजारामला माहीत होतं, पण त्याला कोणी विचारलं नाही आणि त्यानेही कोणाला सांगितलं नाही. घरीसुद्धा नाही.

बाकीच्या जोड्या आपले प्रसंग सोडून त्याचंच ऐकत होत्या. इरेनाला एक शब्द कळला नव्हता, पण ती भिंतीला टेकून खिळल्यासारखी उभी होती. शकुबाईंनी नंतर तिला सगळं सांगितलं. ऐकून ती म्हणाली, "समारोपाच्या संध्याकाळी आपण शेवटी हेच करू."

शकुबाईंनी मान हलवली, आणि त्याच क्षणी त्यांना आठवलं. पुंजारामच्या कारखान्याचे मालक महोत्सवाचे स्वागताध्यक्ष होते. उद्घाटनाला नारळ त्यांनीच फोडला होता. समारोपाला ते पहिल्या रांगेत बसणार होते.

त्यांनी लगेच इरेनाला ते सांगितलं. "समारोप झाला की तुम्ही विमानाने जाल. त्याला सोमवारी त्याच गेटमधून आत जायचंय."

इरेना खाली जमिनीवर बसली. मग म्हणाली, "माझ्या नाटकात एक नट होता. पोलंडमध्ये लष्कराने सत्ता घेऊन आमची नाटकं बंद केली, तेव्हा तो एका चर्चमध्ये उभा राहून त्याविरुद्ध बोलला. मी त्याला थांबवलं नाही. तो तुरुंगात गेला."

"आणि आता?"

"आता सुटलाय. माझ्याशी बोलत नाही. मी थांबवायला हवं होतं की नाही, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. त्यामुळे मला विचारू नकोस."

शकुबाईंना राग आला. प्रश्न परत त्यांच्याच पदरात पडला होता. पुंजारामला आणलं कोणी? प्रश्न विचारले कोणी? त्यांना रात्री झोप लागेना, वर्गात फळ्यावर लिहिताना शब्द अर्धवट सुटू लागले. शेवटी त्यांनी पुंजारामला बाजूला घेतलं आणि म्हणाल्या, "आपण तुझा प्रसंग गाळू या. दुसरं काहीतरी हसण्यासारखं कर. तुझे मालक समोर असतील."

पुंजाराम म्हणाला, "तुम्हीच म्हणल्या ना, खरं बोला?"

"म्हणाले. पण ते शिबिरात."

"म्हंजे खरं फक्त आपल्या आपल्यात बोलायचं?" तो म्हणाला. "बाई, इतकी वर्षं लोक माझ्यावर हसत आले. त्या दिवशी पयल्यांदा सगळे माझं ऐकत व्हते. मी करणार."

मग शकुबाई त्याच्या घरी गेल्या. तो कामावर होता. त्याची बायको लताबाई परसात भांडी घासत होती. ही तरी घाबरेल, नवऱ्याला अडवेल, अशी शकुबाईंना मनातून आशा होती. त्यांनी तिला सगळं सांगितलं. लताबाईचे हात राखेत तसेच थांबले.

"म्हणून ते झोपेत हात झटकत्यात," ती म्हणाली. "मी इचारलं तर म्हणायचे, मच्छर हायेत."

"तू त्याला समजाव. नोकरी जाईल."

"जाईल ना. मला काय कळत नाय व्हय? दोन पोरं हायेत माझी." तिने हातातलं पातेलं विसळून बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "मी त्यांना करा म्हणणार नाय, करू नका बी म्हणणार नाय. पण बाई, तुम्ही त्यांना एकटं सोडू नका. तुम्हीच बाहेर काढलंय ते."

रविवारी, समारोपाच्या संध्याकाळी, सभागृह भरलं होतं. स्टेजच्या बाजूच्या पडद्यामागे उभ्या असलेल्या शकुबाईंना पहिली रांग स्पष्ट दिसत होती. पांढऱ्या सफारीतले मालक, शेजारी त्यांच्या पत्नी, पलीकडे कलेक्टर. तिसऱ्या-चौथ्या रांगेत कारखान्याचे दोन साहेबही होते.  त्यांनी पदराला हात पुसले, पुन्हा पुसले.

बाकीच्यांनी आपापले प्रसंग एकेकट्याने सांगितले, टाळ्या झाल्या. पुंजाराम स्टेजच्या मध्यभागी येऊन मांडी घालून बसला. त्याने मान वर केली आणि त्याची नजर थेट मालकांवर गेली.

त्याचं तोंड उघडलं, पण शब्द येईना.

सभागृहात कोणीतरी खोकलं. पुंजाराम बसून होता. शकुबाईंना आधी हायसं वाटलं. सुटलो, त्यांच्या मनात आलं. आता पडदा पाडायचा, त्याला आत घ्यायचं, नोकरी वाचली. पडदा ओढणारा त्यांच्याकडेच बघत होता. नुसती मान हलवायचा अवकाश होता. पण पुंजारामने मान वळवून विंगेत बघितलं, आणि त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू येऊ लागलं. विहारातलं, विनोदी कामाचं. तो आता काहीतरी गंमत करणार आणि लोक हसणार, हे शकुबाईंना लख्ख कळलं. तो आयुष्यभर हेच करत राहील, हेही कळलं.

आपण काय करतोय हे पुरतं समजायच्या आत त्या स्टेजवर गेल्या आणि त्याच्यासमोर बसल्या. पाठ प्रेक्षकांकडे. मालकांना फक्त त्यांचा अंबाडा दिसत असेल.

"कुठे आहेस?" त्यांनी विचारलं. 

पुंजारामचं हसू विरलं. "खात्यात," तो म्हणाला. "प्रेसवर."

"शेजारी कोण आहे?"

तो सांगत गेला. गार्ड, अडकलेला तुकडा, पाणी, पुसलेलं मशीन.  एकेक प्रश्न विचारताना शकुबाईंना वाटत होतं, इथे थांबावं. त्या थांबल्या नाहीत. शेवटी त्यांनी विचारलं, "सहादूच्या तोंडाला वास येत होता?"

"नाय," पुंजाराम मोठ्याने म्हणाला. "त्यानं कधीच घेतली नाय. मी शेजारी व्हतो."

टाळ्या लगेच झाल्या नाहीत. मग मागच्या रांगांतून सुरू झाल्या आणि पुढे येता येता कमी होत गेल्या.

मालक स्टेजमागे आले. चेहरा शांत होता. इरेनाला त्यांनी शाल दिली. शकुबाईंना नमस्कार करून म्हणाले, "छान बसवलंय बाई. फक्त आमच्या सगळ्या प्रेसना गार्ड आहेत, एवढं सांगायला हवं होतं." पुंजारामकडे त्यांनी बघितलंही नाही. इरेनाने शकुबाईंना घट्ट मिठी मारली. 

सोमवारी शकुबाई वर्गातून सारख्या शाळेच्या फाटकाकडे बघत होत्या, पुंजारामची काही बातमी येईल म्हणून. काही झालं नाही. पुंजारामला प्रेसवरून काढून गोडाऊनला टाकलं, एवढंच कळलं. त्यांना वाटलं, निभावलं. मग पावसाळा संपता संपता काम कमी आहे म्हणून त्याला घरी बसवलं. त्या एकट्यालाच. पुढच्या वर्षी महोत्सवाचं बोलावणं शकुबाईंना आलं नाही, आणि शाळेतल्या मुख्याध्यापकांनी एकदा आडून आडून सुचवलं की नाटकं मुलांपुरतीच ठेवलेली बरी.

नोकरी गेल्याचं कळलं त्या दिवशी शकुबाई पुंजारामच्या घरी गेल्या.  लताबाईने चहा टाकला. पुंजाराम ओट्यावर बसला होता. दोघांनी शिवीगाळ केली असती तर बरं, असं शकुबाईंना वाटलं.

"मी नसते आले स्टेजवर, तर?" त्यांनी शेवटी विचारलं.

"तर मी काहीतरी येडंवाकडं करून उतरलो असतो."

"ते बरं झालं असतं का?"

पुंजारामने चहाचा कप खाली ठेवला. "माहीत नाय बाई," तो म्हणाला. "कधी वाटतं, झालं असतं. पोरांकडं बघितलं की वाटतं. पण सहादू आला व्हता काल. म्हणला, सगळ्यांसमोर बोललास, आता कोर्टात बोलशील का? वकील मिळालाय त्याला. नाटकाला आला व्हता म्हणं तो वकील, मागं बसला व्हता."

"मग तू काय म्हणालास?"

"म्हणलं, बोलीन. पण तिथं परत गप झालो तर? समोर साहेब बसणार, काळे कोटवाले बसणार."  "तुम्ही याल का संगं? तिथं तुम्हाला प्रश्न इचारता येणार नाय, माहीत हाय मला. नुसतं बसा."

लेबर कोर्टात पुंजारामची साक्ष दोनदा पुढे ढकलली गेली. तिसऱ्यांदा झाली. सहादूला भरपाई मिळायला आणखी बराच काळ गेला, पण मिळाली. दारूचा आरोप कोर्टाने मानला नाही. पुंजारामला जुनी नोकरी परत मिळाली नाही. सातपूरला एका छोट्या वर्कशॉपमध्ये तो कामाला लागला आणि तिथे पहिल्या दिवशी प्रेसला गार्ड आहे का ते बघून मगच बसला, असं लताबाईने सांगितलं.

साक्षीच्या प्रत्येक तारखेला शकुबाईंनी शाळेतून रजा काढली. मुख्याध्यापक कपाळाला आठ्या घालायचे. शकुबाई कोर्टाच्या खोलीत शेवटच्या बाकावर, पुंजारामला दिसतील अशा बसायच्या. तिथेही त्या पदराला हात पुसायच्या.