दुपारचा दवणा

आमच्या बोरिवलीच्या घरात तो वास दुपारी यायचा. पश्चिमेच्या खोलीत, खिडकीतलं ऊन जमिनीवर उतरलं की. आई तांदूळ निवडता निवडता थांबायची, मान जराशी वर करायची आणि म्हणायची, "आला."

मग ती त्याच्याशी बोलायची. हळू आवाजात, हातातलं काम चालू ठेवून. विहिरीचं पाणी खाली गेलंय, मृणालला, म्हणजे मला, कॉलेजात कायम केलं, शेजारच्यांच्या गाईला कालवड झाली. माझा मोठा भाऊ विद्याधर मालवाहू जहाजावर वायरलेस ऑपरेटर होता. समुद्राने त्याला कधी काही केलं नाही. सुट्टीवर घरी आला आणि श्रावणात विषमज्वराने गेला, याच खोलीत.

मी अंधेरीच्या एका कॉलेजात रसायनशास्त्राची डेमॉन्स्ट्रेटर होते. आईला भास होतो असं म्हणणं मला सोयीचं होतं, पण मला म्हणता येत नव्हतं, कारण वास मलाही येत होता. आधी बडीशेप, मग दवणा, आणि दोन्हींच्या मागे काहीतरी कडू, ओल्या सालीसारखं. चैत्रात देवाला दवणा वाहतात तो वास सगळ्यांना ठाऊक असतो. पण आश्विनात आमच्या घरात दवणा कुठून येणार? मी खिडकीबाहेरची झुडपं पाहिली, मोरीचं तोंड पाहिलं, दादाची ट्रंक पुन्हा उघडून पाहिली. ट्रंकेला नुसता डांबरगोळ्यांचा वास होता.

हा वास नुसता वास असता तर मी सोडून दिलं असतं. पण त्यात माझी वहिनी अडकली होती.

सुलक्षणावहिनी इंटर सायन्स झालेली. आरे कॉलनीच्या प्रयोगशाळेत दूध तपासायला माणसं हवी होती. मी तिच्याकडून अर्ज करवला आणि जागा मिळाली. पाळी पहाटेची, म्हणून राहायची खोलीही तिथेच. गुढीपाडव्यानंतरच्या सोमवारी हजर व्हायचं होतं. आईने तिला जाऊ नकोस असं एकदाही म्हटलं नाही. ती एवढंच म्हणाली, "तो रोज येतो गं. तू गेलीस तर कुणाला शोधत फिरेल?"

वहिनीने नेमणुकीचा कागद घडी करून परत कपाटात ठेवला.

"तुझा विश्वास आहे का यावर?" मी तिला स्वयंपाकघरात गाठून विचारलं.

"मला काय विचारता, वन्सं? नाक तुम्हालाही आहे."

"नाक आहे म्हणूनच विचारतेय. वास म्हणजे माणूस नव्हे."

ती पोळी उलटवत राहिली. "मला त्या वासाची भीती नाही वाटत. मला वाटतं, ते मला काहीतरी सांगतायत आणि मला कळत नाहीये. असं अर्धवट ऐकून कसं जायचं?"

मला एक गोष्ट खटकत होती. ऑक्टोबरच्या उन्हाळ्यात वास जोरात होता. मार्गशीर्ष-पौषात तो जवळजवळ बंद झाला. आई तेव्हा हवालदिल झाली होती, जेवणावरून उठायची. फाल्गुनात ऊन तापलं आणि तो परत आला. मेलेल्या माणसाला थंडी का बाधावी? मी हे आईला विचारलं नाही.

होळीच्या आदल्या रविवारी लवू आला. दादाच्या जहाजावर तो खानसाम्याच्या हाताखाली होता, राहायला वाकोल्याला. दादा गेल्याचं त्याला परत आल्यावर कळलं होतं. गावाकडची आमसुलं घेऊन आला, आईच्या पाया पडला आणि खाली बसला. आई चहा टाकायला आत गेली तसा माझ्याकडे सरकला.

"बाय, ती बाटली फुटली नाय मां?"

"कुठली बाटली?"

"ती हिरवी. आबसांत." त्याने दाराकडे बघून आवाज आणखी उतरवला. दारूबंदीचे दिवस. "सायबान बार्सिलोनाक तीन बाटल्यो घेतल्यान आणि तीनय डेकार उन्हात ठेवल्यान. माका म्हणालो, बघ लवू, माझी भैन म्हणता, खरो रंग उन्हात मरता आणि खोटो मरणा नाय."

मला आठवलं. त्याच्या आधीच्या सुट्टीत, चैत्रात, देवापुढचा दवणा चुरगळून मी दादाला हुंगायला दिला होता. म्हटलं होतं, याच कुळातल्या एका कडू झाडापासून युरोपात अ‍ॅबसिंथ नावाची दारू करतात. त्याने ती बंदरात पाहिली होती. फ्रान्समध्ये कायद्याने बंद, बाकी ठिकाणी नकलीच जास्त. खरी ओळखायची कशी, म्हणून तो हटूनच बसला. मी सांगितलं, पाणी घालून दुधाळ झाली एवढ्यावर जाऊ नकोस, बडीशेपेचं तेल असलेली कुठलीही दारू दुधाळ होते. रंग बघ. पानांचा हिरवा असेल तर उन्हात पिवळा पडेल. पुडीतला असेल तर तसाच राहील.

"मग?" मी लवूला विचारलं.

"दोन पोपटासारख्यो हिरव्यागार रवल्यो. त्यो सायबान दर्यात टाकल्यान. मी म्हटलंय, सायबा, माका दी! तर हसाक लागलो. तिसरीचो रंग उतराक लागलो मात्र, धावत खाली घेऊन गेलो. म्हणालो, हीच."

चहा आला आणि लवू आमसुलांबद्दल बोलू लागला.

तो गेल्यावर मी पश्चिमेच्या खोलीत उभी राहिले आणि पहिल्यांदाच वर पाहिलं. वर माळा, त्यावर मंगलोरी कौलं. दुपारभर ऊन त्याच उतारावर असायचं. माळ्यावर तांब्याचा जुना बंब, पाहुण्यांच्या गाद्या आणि गणपतीच्या मखराची पेटी. मखर दरवर्षी दादाच बांधायचा. सुट्टीच तशी मागून घ्यायचा. त्या पेटीला तो कुणाला हात लावू देत नसे, बेगड फाटते म्हणून. गेल्या भाद्रपदात आम्ही गणपती आणलाच नव्हता. वर्षाच्या आत घरात सण करायचा नाही. पेटी कुणी उघडली नव्हती.

दुसऱ्या दिवशी आई दुपारची आडवी झाल्यावर मी शिडी लावली. माळ्यावर भट्टीसारखं तापलं होतं. पेटीचं झाकण उचललं आणि वास अंगावरच आला, इतका की मी क्षणभर डोळे मिटले. उघडल्यावर कुणी समोर असेल असं मला वाटलं होतं, हे नाकारण्यात अर्थ नाही.

मखराच्या लाल मखमलीत गुंडाळलेली बाटली आडवी होती. पेटी उथळ, उभी राहिली नसती. बुचावरचं मेण उष्म्याने मऊ पडलं होतं, बूच आकसलं होतं आणि मखमलीवर हाताएवढा डाग होता. बाटलीशेजारी दादाच्या लोकरी मोज्यांत दोन लहान पेले.

मी बाटली उजेडात धरली. आतलं द्रव्य हिरवं नव्हतं. वाळलेल्या पिंपळपानाचा रंग.

माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते सोपं होतं. बुचावर लाख ओतायची, मखमल धुवायची. वास थांबेल. आई चार दिवस वाट पाहील आणि म्हणेल, सुटला बिचारा. वहिनी आरेला जाईल. कुणाला काही सांगायला नको.

मी खाली उतरून वहिनीला हाक मारली आणि लवूचं बोलणं तिला सांगितलं.

तिने बाटली हातात घेतली, हुंगली आणि पाटावर बसली. "म्हणाले होते, मखर बांधायला लागलो की एक गंमत दाखवीन तुला. मी म्हटलं, आत्ताच दाखवा. तर म्हणाले, गणपतीशिवाय नाही." मग बाटली खिडकीशी धरून बघितली. "पण लवू तर हिरवी म्हणत होता. ही खराब झाली का?"

"नाही. हिरवी राहिली असती तर खोटी असती."

ती पेले मोज्यांतून काढत होती. थोड्या वेळाने म्हणाली, "वन्सं, सासूबाईंना नका सांगू."

"तुला जायचंय ना?"

"जायचंय. पण बाटलीला बूच नीट नव्हतं, असं त्यांना कसं सांगायचं? एकदा गेला मुलगा त्यांचा. आपण परत न्यायचा? त्यापेक्षा मी राहते."

"राहून करशील काय?"

"पोळ्या," ती म्हणाली, आणि आम्ही दोघी हसलो, अगदी नको त्या वेळी.

दारात आई उभी होती. नुकतीच उठलेली, केस सुटलेले, चेहरा उजळलेला. "आज किती जवळ आला गं," ती म्हणाली. मग तिला बाटली दिसली.

आई आत आली, बाटलीच्या तोंडाशी वाकली, तिथेच बराच वेळ राहिली.

"कुठे होती?"

"मखराच्या पेटीत."

"दारू?"

"हो."

"माझ्या गणपतीच्या पेटीत." ती सावकाश खाली बसली. "पोलीस आले असते तर गणपतीलाच धरून नेलं असतं." पण हसली नाही. तिने मखमलीचा डाग बोटाने चाचपला. बुचाचं, कौलांचं, उष्म्याचं, जे होतं ते मी सगळं सांगितलं. मी वर्गात जशी बोलते तशीच बोलले. दुसऱ्या कुठल्या आवाजात ते सांगता आलं नसतं.

"हे पितात कसं?" शेवटी ती म्हणाली.

"थंड पाणी घालून. साखरेवरून, थेंबथेंब. धार नाही चालत."

आई उठली. देवघरातून तिने अभिषेकाची गळती आणली. पिंडीवर टांगायचं, बुडाला बारीक भोक असलेलं ते तांब्याचं भांडं. माझ्याकडे न बघता तिने त्यात माठाचं पाणी ओतलं आणि खिडकीच्या गजाला ते बांधलं. वहिनीने पेल्यात दोन बोटं अ‍ॅबसिंथ ओतली, वर चहाची गाळणी धरली, गाळणीत खडीसाखर.

थेंब पडू लागले. सुरुवातीला काहीच झालं नाही. मग पेल्यात धुराची दोरी उतरावी तसं काहीतरी उतरलं, वळलं, पसरलं. पिंपळपानाचा रंग तळापासून फिका होत गेला आणि पेला पांढरा झाला, कडेला किंचित निळसर. मद्यार्कात विरघळलेलं तेल पाण्यात विरघळत नाही, त्याचे सूक्ष्म कण होऊन उजेड पसरतात. मी हे दरवर्षी शिकवते. तरी त्या पेल्यात कुणीतरी श्वास सोडल्यासारखं दिसलं, आणि आम्ही तिघींनी आपापला धरून ठेवला.

वास सगळ्या घरात भरला. तोच, पण आता ताजा.

वहिनीने पहिला घोट घेतला. गाल आत गेले, डोळ्यांत पाणी आलं. "गोड आहे... नाही, थांबा." मग पुन्हा घेतला. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी सात महिन्यांत पाहिलं नव्हतं. तिने पेला माझ्याकडे दिला. बडीशेपेचा गोडवा आधी जिभेवर पसरतो, मग दवणा वर नाकात चढतो, आणि सर्वांत शेवटी कडूपणा, तो जात नाही. जीभ जराशी बधिर होते. चांगलं होतं ते. मला आणखी हवंसं वाटलं आणि मी आणखी घेतलं.

आईने उजवा तळहात खोलगट करून पुढे केला, तीर्थाला करतात तसा. मी तिच्या तळव्यावर थोडंसं ओतलं.

"कडू," ती म्हणाली. "एवढ्या लांबून आणलं, आणि कडू." हात केसांवर पुसला. मग तिची नजर दुसऱ्या पेल्यावर गेली, रिकाम्या.

"दोनच आणलेत," ती म्हणाली.

वहिनी घाईने म्हणाली, "सासूबाई, ते म्हणजे..."

"दोनच. एक त्याचा, एक तुझा. आणि मी रोज इथे बसून त्याला गाईच्या कालवडीचं सांगतेय. माझ्याकडे नव्हताच येत तो. तुला शोधत होता, आणि तू आत पोळ्या लाटत होतीस."

"आई, तो वास बुचातून..." मी म्हणाले.

"कळलं मला ते. बाटली कुणी आणली?"

मी बुचावरचं मऊ मेण नखाने खरवडत राहिले.

"तू जा गं," आई वहिनीला म्हणाली. "सोमवारी जायचं तर सोमवारीच जा. तुझा पेला घेऊन जा."

वहिनी गेली. जाण्याआधी तिने मखमल दोनदा रिठ्याने धुतली आणि उन्हात वाळवली. मी बुचावर लाख ओतली आणि बाटली उभी, सावलीच्या बाजूला, गाद्यांच्या मागे ठेवली. वास थांबला, थांबायला हवा होता तसाच. आई दुपारी तांदूळ निवडायची आणि मान वर करायची नाही. मला तिच्याकडे बघवत नसे.

वैशाखातल्या एका दुपारी मी त्याच खोलीत पेपर तपासत होते. आईचा हात सुपात थांबला.

"आला."

मी नाक वर केलं. मग उठून शिडी लावली. लाख शाबूत होती, तडा नाही. मखमल हुंगली, नुसता रिठा. बंबात पाहिलं, पेटीचे कोपरे पाहिले. खाली उतरले तेव्हा हात धुळीने भरले होते.

"मिळालं काही?" आईने विचारलं.

"नाही."

"मग बस की जरा. उगाच माकडासारखी चढतेस उतरतेस."

मी बसले. आधी बडीशेप आली, मग दवणा. आईने सूप पुढे ओढलं आणि खिडकीकडे तोंड करून, हळू आवाजात, त्याला सांगू लागली. गोरेगावला उतरायचं, तिथून आरेची बस, झाडीतून जाते ती. तबेले संपले की उतरायचं. उजव्या हाताला क्वार्टर आहेत, शेवटून दुसरी खोली. दाराशी तिने झेंडू लावलाय. पहाटे जाऊ नकोस, पहाटे तिची पाळी असते. दुपारी जा.