आल्मुटचा दुसरा घोडा

गावात मला सगळे 'आल्मुटचा दुसरा घोडा' म्हणतात. नाव माझं हिन्नर्क, धंदा सुतारकीचा, पण त्याचं कुणाला काय!

आल्मुट माझी बायको. घोड्याला तालात चालवण्याच्या खेळात, ड्रेसाजमध्ये, अख्ख्या उत्तर जर्मनीत तिचा हात धरणारं कुणी नाही. तिचा घोडा ग्राफीट जागच्या जागी पावलं टाकू लागला की वाटतं, घोडा आपल्या मनानंच नाचतोय, ही नुसती बसलीय. तसं वाटावं म्हणून ती जन्मभर झिजलीय. नवरा आहे म्हणून म्हणत नाही, मला तिचं खरंच अप्रूप वाटतं.

खोट एकच. कुठून कुठे वळायचं, हे तिच्या लक्षात राहत नाही. गावच्या स्पर्धेत मी कुंपणाशी उभा राहून वळणांचा क्रम मोठ्यानं वाचून दाखवायचो, तिथे ते चालतं. ऑलिंपिकमध्ये नाही. पहिल्या ऑलिंपिकमध्ये मैदानाच्या मधल्या रेषेच्या टोकाला डावीकडे जायचं, तर ही उजवीकडे वळली. घंटा वाजली, गुण कापले, संघाचं पदक हुकलं. पुढे कित्येक वर्षं ती बेकरीतसुद्धा मान खाली घालून जायची.

बरं, घोड्यावर बसून घोकायचीही सोय नाही. घोड्याला क्रम पाठ झाला की तो सांगायच्या आधीच सगळं उरकून मोकळा होतो. म्हणून यंदा, तिच्या शेवटच्या ऑलिंपिकआधी, आमच्या बागेतल्या झाडांना, स्पर्धेच्या मैदानाकडेला असतात तशा, अक्षरांच्या पाट्या ठोकल्या आणि घोडा झालो मी. कमरेला दोर, मागे आल्मुट.

"अरे, पाय उचल ना जरा! ग्राफीट असा फरपटतो का?"

"ग्राफीटला गाजरं मिळतात. मला काय मिळतं?"

कुंपणापलीकडून शेजारचा गेर्ड ओरडायचा, "आल्मुट, याला विकशील तेव्हा आधी दात बघू दे हं!"

मधल्या रेषेच्या टोकाला नासपतीचं झाड. तिथं डावीकडे वळताना गुडघ्यातून कळ यायची आणि माझ्या तोंडून "आई गं!" निघायचंच. शेवटी गुडघ्याचं ऑपरेशन करावं लागलं. डॉक्टरांनी विचारलं, "खेळ कुठला खेळता?" म्हटलं, "मी घोडा आहे."

त्यामुळे ती गेली आणि मी राहिलो गावच्या बारमध्ये, टीव्हीसमोर, पाय खुर्चीवर टाकून. सारं गाव जमलं होतं. ग्राफीट असा चालला की बडबड्या गेर्डचीही बिअर तशीच राहिली. मग ग्राफीट मधल्या रेषेवर आला. आल्मुटची हनुवटी किंचित वर झाली. ती खूण मी ओळखतो, काही आठवेनासं झालं की तिचं तसं होतं.

"डावीकडे, बाई, डावीकडे," गेर्ड पुटपुटला.

ती डावीकडे वळली. घंटा वाजली नाही. संघाला कांस्यपदक मिळालं आणि गेर्ड माझ्या गळ्यात पडून लहान पोरासारखा रडला.

संध्याकाळी तिचा फोन आला. मी आधी तेच विचारलं, "मधल्या रेषेवर काय झालं होतं गं?"

"सगळं पुसलं गेलं रे डोक्यातून. घाम फुटला. आणि टोकाशी आले तर तुझं 'आई गं' ऐकू आलं. म्हटलं, हिन्नर्क विव्हळतोय ना, मग वळायचं ते इथंच."

गुडघा तेव्हाही ठणकत होता. ठणकू दे, म्हटलं.