डाव्या भिंतीवरचा डाग

सकाळी सातपासून मास्तरीण स्वयंपाकघराचा ओटा घासत होती. घर सोडून निघालेल्या बाईने ओटा कशाला घासावा? पुढचा येईल तो घासेल. पण तिला वाटत होतं, घर लख्ख दिसलं की डिपॉझिट पुरतं परत मिळेल. भोळी होती बिचारी.

मास्तरीण म्हणजे शाळेतली नव्हे. शिंप्याला मास्तर म्हणतात, म्हणून ही मास्तरीण. हॉलच्या खिडकीशी मशीन टाकून ती लोकांचे कपडे आखूड करायची, सैल करायची, उसवून पुन्हा शिवायची. नवरा औषधाच्या दुकानात काउंटरवर. दिवसभर गिऱ्हाइकांचं ऐकून घेऊन 'जाऊ दे' हे दोन शब्द त्याच्या जिभेवर कायमचे राहायला आले होते. भाजीवाल्याने सडकं दिलं, जाऊ दे. दुकानमालकाने रजेचे पैसे कापले, जाऊ दे. बायको म्हणायची, "उद्या मला कुणी पळवून नेलं तरी तुम्ही जाऊ देच म्हणाल." तो म्हणायचा, "अगं, नेणाराच दोन दिवसांत परत आणून सोडेल."

तिसरे आबा, तिचे सासरे. चौतीस वर्षं पोस्टमन होते. जन्मभर लोकांचे जिने चढले आणि चौदा महिन्यांपूर्वी झटका येऊन उजवं अंग लुळं पडलं. घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, चोपन्न पायऱ्या. तेव्हापासून आबा दोनदाच खाली उतरले, दोन्ही वेळा दवाखान्यासाठी, खुर्चीत बसून, चौघांच्या हातांवर. "चौघं उचलतात तेव्हा माणूस आडवा असतो," ते अडखळत म्हणायचे, "मी बसलोय, एवढाच फरक."

एक सवय मात्र त्या झटक्यालाही मोडता आली नव्हती. या पत्त्यावर आधीच्या भाडेकरूंची पत्रं अजून येत. आबा ती टाकू द्यायचे नाहीत. खालच्या किराणावाल्याकडून त्या लोकांचे नवे पत्ते मागवत, डाव्या हाताने वेडेवाकडे पाकिटावर लिहीत आणि सुनेला सांगत, "पेटीत टाक. ज्याचं पत्र त्याला गेलं पाहिजे."

या आबांसाठीच घर बदलायचं होतं. दोन गल्ल्या सोडून तळमजल्यावर दोन खोल्या मिळाल्या होत्या. दाराशी बसायला कट्टा, कट्ट्यापुढे वाहता रस्ता. तिथली मालकीण सरळ बाई, पण तिनेही बजावलं होतं, "आज पाचच्या आत पन्नास हजार डिपॉझिट आणा. दुसरं गिऱ्हाईक दारात उभं आहे." हे पन्नास येणार होते जुन्या घरात अडकलेल्या साठ हजारांतून. दुसरीकडे कुठे काही नव्हतं. मास्तरणीने आपलं कानातलं विकून ते पैसे आबांच्या दवाखान्यात आधीच घातले होते.

दुपारपर्यंत सामान टेम्पोत चढलं. आबांनाही खुर्चीसकट खाली नेऊन फाटकापाशी सावलीत बसवलं. चौदा महिन्यांनी त्यांनी रस्ता डोळे भरून पाहिला. सायकलवरून जाणाऱ्या एका पोस्टमनला त्यांनी डाव्या हाताने सलाम ठोकला, आणि तो बिचारा कुणाला केला म्हणून मागे वळून बघत गेला.

तीन वाजता एजंट आला. त्याचं नाव असेल काहीतरी, पण गल्लीत सगळे त्याला 'काळजीनको' म्हणत. कारण प्रत्येक वाक्यामागे तो "काळजी नको" लावायचा. चार वर्षांपूर्वी घर दाखवताना त्याने एक छापील फॉर्म पुढे केला होता. वर 'घराची स्थिती', खाली सहीची जागा, मधे सगळं कोरं. मास्तरणीने विचारलं होतं, "हे कोरंच?" तो म्हणाला होता, "ते मी ऑफिसात भरतो ताई, काळजी नको." आणि दोघांनी सह्या ठोकल्या होत्या. हसू नका. तुम्हीही केली असेल अशी सही. कोऱ्या कागदावर सही करायची आपल्याकडे रीतच पडली आहे, आणि न करणाऱ्याला आपण संशयी म्हणतो.

एजंटाने बूट न काढता घरभर चक्कर मारली. लख्ख ओट्याकडे ढुंकून पाहिलं नाही. हॉलमध्ये खिडकीच्या डावीकडे थांबला. पडदा उतरवला होता, त्यामुळे तिथला ताटाएवढा ओलीचा तपकिरी डाग उघडा पडला होता.

"अरेरे," तो म्हणाला. "दादा, भिंतीची पार वाट लावलीत हो तुम्ही."

"तो आधीपासूनचा आहे," मास्तरीण म्हणाली.

"ताई, कागद काय म्हणतो बघू." त्याने फाईल उघडली. कोऱ्या जागेत आता सुबक अक्षर होतं : भिंती उत्तम, डाग नाहीत. खाली दोघांच्या सह्या.

मग त्याने हिशेबाचा कागद काढला. रंगकाम अठरा हजार. साफसफाई चार. बाथरूमला पाडलेल्या भोकांचे सहा. आणि फाईल बंद करण्याची फी, चार.

"फाईल बंद करायला चार हजार?" मास्तरणीचा आवाज चढला. "तिला काय कुलूप लावता? आणि साफसफाई कसली? सकाळपासून घासून माझ्या हाताची सालटं निघाली. भोकं आम्ही पाडलीत, आबांना धरायला दांडी लावली त्याची. त्याचे काय होतील ते घ्या. आमचं आहे ते मी नाही म्हणणार नाही. पण डाग आमचा नाही."

"चार वर्षं राहिलात ताई, भिंती खराब होणारच की."

"वापरून विटणं वेगळं आणि फाडणं वेगळं. गिऱ्हाइकाच्या सदऱ्याचं कोपर झिजलं तर मी त्याला दंड लावते का?"

"तुम्ही हुशार आहात," एजंट गोड हसला. "पण मालक ऐकायचे नाहीत. सगळं वजा जाता अठ्ठावीस हजार होतात. इथे 'पूर्ण रक्कम मिळाली, तक्रार नाही' म्हणून सही करा, किल्ली द्या, पैसे आत्ता हातात. नाहीतर मग मालक गावाला जाणार, महिना लागेल, दोन लागतील. तुम्हाला पाचला तिकडे पोचायचंय ना? काळजी नको."

पाचची गोष्ट याला कुणी सांगितली? नवऱ्याने. साध्या मनाने, सकाळी फोनवर. माणसाची निकड कळली की तिची किंमत लावणारी एक जात असते, तिला काय माहीत नसावं तेच आपण आपण होऊन सांगून बसतो.

नवऱ्याने घड्याळ पाहिलं. बायकोला खिडकीशी नेऊन हळू आवाजात म्हणाला, "अगं, जाऊ दे. अठ्ठावीस तर अठ्ठावीस. त्या मालकिणीच्या हातापाया पडू, बाकीचे हप्त्याने देतो म्हणू. आबा खाली ताटकळत बसलेत. कोर्टकचेऱ्या करणारी माणसं आहोत का आपण?"

ती डागाकडे बघत राहिली. आणि तिला आठवलं.

ती तडक खाली गेली, टेम्पोत चढली आणि मशीनच्या खणातून आपली मापाची वही काढली. जुन्यातली जुनी. दम खात वर येतेय तोवर एक नवी जोडी दारात येऊन उभी होती. मुलगी वीस-बावीस वर्षांची, नवरा तिच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा असेल. उद्यापासून हे घर त्यांचं होतं. एजंट त्यांना आत नेत होता. मास्तरीण दाराबाहेरच थबकली, आणि तिने स्वतःच्या कानांनी ऐकलं.

"रंग कधी देणार?" मुलगी विचारत होती.

"रंग कशाला? भिंती बघा ना, नव्यासारख्या! तो एवढासा डाग? छान पडदा लावा, दिसायचासुद्धा नाही. या फॉर्मवर सही करा, बाकीचं मी ऑफिसात भरतो. काळजी नको."

मास्तरीण आत आली. तिने वही उघडून मुलीच्या हातात दिली. "वाच बाळा. मोठ्याने वाच."

मुलीने वाचलं. वर चार वर्षांपूर्वीची तारीख, त्यांनी घर ताब्यात घेतलं त्या दिवसाची. "हॉलची खिडकी, रुंदी साडेचार फूट. पडदा डावीकडे दीड फूट जास्त घेणे, ओलीचा डाग झाकण्यापुरता."

"ही तुमची घरगुती वही झाली, ताई," एजंट म्हणाला. "हा काही कागद नव्हे."

"कोऱ्या फॉर्मवर तुम्ही मागाहून लिहिलंत तो कागद, आणि मी माप घेऊन लिहिलं ती घरगुती वही?" मास्तरीण म्हणाली. "उद्या हे राहायला येणार, रंग तुम्ही देणार नाही. मग माझे अठरा हजार कुठल्या भिंतीला लावणार? चूक माझीच. पहिल्याच दिवशी तो डाग सगळ्यांना दाखवायचा सोडून मी पडदा शिवत बसले. दीड फूट कापड जास्त घालून तुमचं पाप झाकलं मी!"

एजंटाने तिच्याकडे पाठ केली आणि नवऱ्याकडे पेन पुढे केलं. "दादा, तुम्ही समजूतदार आहात. साडेचार होत आले."

नवऱ्याने पेन घेतलं. सहीच्या जागेवर टेकवलं. त्या क्षणी त्याच्या डोळ्यांपुढे कट्ट्यावर बसलेले आबा होते, हे विसरून त्याला कुणी नावं ठेवू नयेत. त्याने डागाकडे पाहिलं, त्या नव्या मुलीकडे पाहिलं. तिच्याही हातात पेन होतं, आणि समोर तोच कोरा फॉर्म.

"पोरी," तो म्हणाला, "थांब जरा. सही करू नकोस." मग त्याने पेनला टोपण लावून ते एजंटाच्या खिशात अडकवलं. "किल्ली माझ्याकडे आहे. पैसे पुरते मिळेपर्यंत ती माझ्याकडेच राहील."

"दादा, हे महागात पडेल हं."

"पडू दे," नवरा म्हणाला.

मास्तरणीने कमरेच्या पिशवीतून कपड्यावर खुणा करायचा खडू काढला, डागाभोवती मोठं वर्तुळ आखलं आणि बाजूला तारीख घातली. मुलीने आपला फोन काढून त्याचा फोटो घेतला. फॉर्म घडी करून तिने एजंटाला परत दिला, आणि ती दोघं निघून गेली.

हे सगळं वाचायला बरं वाटतं. पुढचं वाटणार नाही. पाचला तळमजल्याचं घर दुसऱ्याला गेलं. टेम्पोवाल्याने सामान पुन्हा उतरवलं, डबल भाडं घेतलं. फाटकापाशी मास्तरीण आबांच्या पायाशी उकिडवी बसली आणि तिला रडू फुटलं. "आबा, माझ्या हट्टापायी तुमचा रस्ता गेला."

आबांनी सगळं ऐकून घेतलं. तोंड वाकडं करून हसले. "तिकीट कमी लावलं... की पत्र... नॉटपेड होतं गं. दंड भरला नाही... की परत येतं." दम घेतला. "पत्ता... चुकलेला नसतो. चला वर."

चौघांनी खुर्ची उचलली. चोपन्न पायऱ्या. दुसऱ्या मजल्यावर खुर्ची टेकवून सगळे धापा टाकत उभे राहिले, तेव्हा आबांनी सुनेला जवळ बोलावलं. "आधीच्या लोकांचे पत्ते... आहेत माझ्याकडे. तिघांचे. त्यांना विचार."

दुसऱ्या दिवशी हॉलमध्ये, वर्तुळ आखलेल्या त्या भिंतीखाली बसून मास्तरणीने तीन पत्रं लिहिली. आम्ही तुमच्यानंतरचे भाडेकरू. घर सोडताना तुमचं डिपॉझिट कापलं का, कशासाठी, एवढंच कळवा. आम्ही तक्रार करणार आहोत, एकट्याने करायची भीती वाटते. पाकिटांवरचे पत्ते आबांनी स्वतः, डाव्या हाताने घातले. तिकिटं नवऱ्याने लावली. एकेक जास्तच लावलं.

त्या तीन घरांनीही त्या वेळी 'जाऊ दे' म्हटलंच असणार. म्हणूनच तो डाग त्या घरातला सगळ्यात कमावता माणूस झाला होता. आपल्याला दिसलेला अन्याय न बोलता पडद्यामागे सारायचा, आणि पुढच्याच्या गळ्यात तो फास जसाच्या तसा ठेवून निघून जायचं, याला आपण समजूतदारपणा म्हणत आलो. हा समजूतदारपणा कुणाच्या खिशात जातो, ते एकदा विचारून बघा.

एजंटाचे फोन रोज येत होते. आधी गोड, मग कडू. मास्तरीण प्रत्येक वेळी "लेखी द्या" म्हणून ठेवून देई.

नवव्या दिवशी पहिलं उत्तर आलं. आठ वर्षांपूर्वी इथे राहिलेल्या एका बाईचं. नवऱ्याने ते आबांच्या मांडीवर ठेवलं, आबांनी डाव्या हाताने उघडलं आणि मास्तरणीने मशीन थांबवून वाचलं. आत कापलेल्या पैशांची जुनी पावती टाचलेली होती, आणि खाली एकच ओळ होती.

"तक्रारीत माझंही नाव घाला. डाग खिडकीच्या डावीकडचाच ना?"